खाच नसलेली गोळी

आर्डिथ क्वामीनं एकतीस वर्षं हॅरो क्रीकच्या शाळेची बस चालवली आणि एकदाही ती चरात घातली नाही. हे ती स्वतःहून सांगत नसे, पण दुसरं कुणी सांगायला लागलं तर त्याला थांबवतही नसे. जानेवारीत रस्ता काचेसारखा झालेला असायचा, मॉन्टानातले दांडगे दांडगे गडी ट्रक घरी ठेवून बसायचे, आणि हिची पिवळी बस बरोबर सात वीसला टपाल कचेरीसमोर उभी. बसमधली पोरं तिला टरकून असत. आता त्यांना पोरं झाली, तरी ती समोर आली की तोंडातलं च्युइंगम गिळून टाकतात.

मी मर्विन ऑस्टबी, या गावचा न्हावी. चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरली, त्यामुळे कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते मला इतरांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज आहे. आर्डिथच्या बाबतीत हा समज कधी खरा ठरला नाही. तिचा नवरा रोआल्ड गेल्यानंतर सहा वर्षांत मी तिला दोनदा लग्नाचं विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मर्विन, कॉफी गार होतेय तुझी."

निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चमधल्या बायका गोधड्या शिवतात. आर्डिथ गोळ्या ओतायची. टायरवाल्याकडून चाकांची जुनी शिशाची वजनं बादलीभर आणायची, घरामागच्या शेडमध्ये वितळवायची, मळी काढायची आणि केक भाजायच्या जुन्या ताटल्यांत ओतून ठेवायची. शेडच्या फळीवर ते शिशाचे केक ओळीनं मांडलेले असत. एकदा मी एक उचलून चावायचं नाटक केलं, तर म्हणाली, "चाव की. दात तरी कुठे तुझे आहेत?"

गोळ्या ओतून झाल्या की काडतुसं भरायची. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तळाला नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, तोंडात गोळी बसवायची. हे आमच्याकडे पुष्कळजण करतात. पण आर्डिथसारखी काडतुसं गावात कुणाची नव्हती. नेमबाजीच्या क्लबात तिचं काडतूस फुसकं निघालेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट तिला चांगली ठाऊक होती. तिच्या तोंडून "चुकलं माझं" हे शब्द मी ऐकले नव्हते, रोआल्डनंही ऐकले नसावेत. पडली तरी नाक वर, अशी बाई.

ज्या साली हे घडलं त्या वसंतात तिनं एका मेलेल्या कारागिराच्या सामानाच्या लिलावात एक साचा घेतला. चार गोळ्यांचा, जाड लोखंडी, सुंदर घडणीचा. त्यातून जी गोळी निघायची ती जड, सपाट नाकाची, सरळ आत घुसणारी. अस्वलाच्या मुलखात असलीच गोळी लागते. एकच उणं होतं. तिच्या अंगावर खाच नव्हती.

आणि इथंच घोडं पेंड खातं. बार उडाला की रिव्हॉल्व्हर झटक्यानं मागं येते. चक्रीत उरलेली काडतुसंही तिच्याबरोबर मागं येतात, पण त्यांच्यातली जड गोळी जागच्या जागी राहू बघते. बसनं ब्रेक मारला की पोरं पुढं जातात, त्यातलाच प्रकार. पकड सैल असेल तर गोळी दर झटक्याला केसभर पुंगळीबाहेर सरकते. फार सरकली की चक्रीच्या तोंडाबाहेर डोकावते, चक्री फिरायची थांबते, आणि तुमच्या हातात उरतो एक महागडा हातोडा. म्हणून रिव्हॉल्व्हरच्या गोळीला कमरेशी एक खाच असते आणि पुंगळीचा काठ आत वळवून त्या खाचेत दाबतात. खाचच नसेल तर काठ वळवायचा कुठे?

"जबरदस्तीनं शिशात दाबलास तर पुंगळी फुगते," मी म्हणालो. "दे तो साचा फेकून."

"दाबायला कोण निघालंय? खाच नसली म्हणून काय झालं, खांदा आहे ना? गोळी जिथं निमुळती व्हायला लागते तिथं काठ आणायचा आणि खांद्यावरून हलकेच वळवायचा. शालीसारखा. पुढं सरकायला जागाच नाही तिला."

तिनं तसं केलं आणि ते जमलं. तिच्या पद्धतीप्रमाणे तिनं परीक्षाही घेतली. सहा काडतुसं भरायची, सहाव्याची लांबी व्हर्नियरनं मोजायची, पाच झाडायची, सहावं काढून पुन्हा मोजायचं. तिचा भाऊ नेल्स याची लांब नळीची, जड पोलादी रिव्हॉल्व्हर तिनं त्यासाठी आणली होती. सहावी गोळी तसूभरही हलली नव्हती. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. मला व्हर्नियर दाखवून म्हणाली, "वाच. चष्मा लावून वाच."

एवढी खटपट होती ती नेल्सच्या मुलीसाठी. थिआ, सव्वीस वर्षांची, आर्डिथला मूलबाळ नसल्यामुळे निम्मी तिचीच. त्या उन्हाळ्यात थिआनं गुरांबरोबर डोंगरात राहायचं काम घेतलं होतं. गावच्या पशुपालकांची चारशे गुरं जूनमध्ये वरच्या कुरणांवर जातात आणि त्यांच्याबरोबर एक घोडेस्वार राहतो. लाकडी खोपटं, एक घोडा, एक कुत्रा, आणि पंधरा दिवसांनी शिधा घेऊन येणारा ट्रक. फोन नाही. वरच्या अंगाला ग्रिझली अस्वलं असतात. मिरचीच्या फवाऱ्याची बाटली कमरेला असतेच, पण वारा उलटा असला तर ती आपल्याच डोळ्यांत जाते.

आमच्यात एक रीत आहे. स्वतः भरलेलं काडतूस दुसऱ्याला द्यायचं नाही आणि दुसऱ्यानं भरलेलं आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. आर्डिथनं जन्मभर ही रीत पाळली आणि पोरीसाठी मोडली. पन्नास काडतुसं डब्यात घालून तिच्या हातात दिली.

"आत्या, चालतील ना गं ही?" थिआनं विचारलं.

"माझी आहेत," आर्डिथ म्हणाली. तेवढ्यात उत्तर संपलं.

थिआ सोमवारी वर गेली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी आर्डिथ माझ्या ओट्यावर कॉफी घेत होती. मी सहज म्हणालो, "पोरगी बापाची ती तोफ नेत होती. म्हटलं, घोड्यावर बसून कंबर मोडेल तुझी. माझी छोटी ने. हलकी आहे, लावली तरी कळत नाही. काडतूस दोन्हींना तेच लागतं."

आर्डिथनं कप खाली ठेवला. बशीत नाही, ओट्याच्या फळीवर.

"हलकी?"

"अगं, निम्म्या वजनाची. झटका देते जरा, पण..."

"मर्विन, गप्प बस." ती माझ्याकडे बघतही नव्हती. "झटका जितका मोठा तितकी गोळी जास्त सरकते. मी परीक्षा घेतली ती नेल्सच्या रिव्हॉल्व्हरवर."

बंदूक मी दिली होती आणि ते सांगायला मला बारा दिवस लागले होते. तिनं हेही मला ऐकवलं असतं, आणि ऐकवायला हवं होतं, पण ती तोवर तिच्या ट्रकमध्ये बसली होती.

तशीच हलकी रिव्हॉल्व्हर गावात आणखी एकाकडे होती. आमचे पाद्री हॉवर्ड लिंडक्विस्ट मासे धरायला जाताना ती बरोबर नेतात. ते रविवारचं प्रवचन लिहीत बसले होते.

"पाद्रीबाबा, तुमची बंदूक द्या," आर्डिथ म्हणाली.

"मर्विननं पुन्हा विचारलं का?" ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं उठून कपाट उघडलं.

क्लबच्या मैदानावर आम्ही तिघंच होतो. थिआला दिली त्यांच्याबरोबरच भरलेली सहा काडतुसं आर्डिथकडे उरली होती, ती तिनं बंदुकीत घातली. पहिला बार. दुसरा. तिसरा. चौथ्याला घोडा मागं येईना. चक्री अडली होती. बाजूनं वाकून पाहिलं तर पुढच्या फटीत शिशाचं सपाट नाक दिसत होतं, चांगलं दाण्याएवढं बाहेर.

पाद्री म्हणाले, "लगेच निघायचं का?"

"आता निघून वाटेत अंधारात ट्रक दरीत घालायचा? पहाटे निघू," ती म्हणाली. "मर्विन, दुकानात जा आणि या मापाची काडतुसांची एक पेटी आण."

हे मुद्दाम सांगतो, कारण आर्डिथ क्वामीनं दुकानातलं काडतूस मागवलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. दुकानात होती ती मऊ टोकाची, हरणाला ठीक, अस्वलाला नुसती गुदगुली. पण निदान ती अडकणार नव्हती. मी पेटी आणली तेव्हा ती शेडमध्ये पाना घेऊन बसली होती आणि चूक तिनं शोधून काढली होती. खांद्यावर काठ वळवणं बरोबरच होतं. घोटाळा त्याच्या आधी होता. मऊ शिसं खरवडू नये म्हणून गोळी बसवण्याआधी पुंगळीचं तोंड एका दांड्यानं किंचित रुंद करतात, आणि तिचा दांडा जरा जास्तच जाड होता. म्हणजे पुंगळी गोळीला मिठी मारतच नव्हती, सगळा भार त्या वळवलेल्या काठावर. जड रिव्हॉल्व्हरमध्ये तेवढ्यावर भागलं होतं.

तिनं तो दांडा ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरनं घासला. मोजला, पुन्हा घासला. नवी काडतुसं भरली. आधी गोळी बसवली, मग दाबयंत्रातला डाय बदलून काठ वेगळा वळवला, दोन्ही कामं एका दाबात केली नाहीत. एक काडतूस उलटं धरून गोळीच्या बाजूनं टेबलावर अंगठ्याच्या जोरानं दाबलं. गोळी हलली नाही. जूनमध्ये आमच्याकडे नऊपर्यंत उजेड असतो, त्या उजेडात पाद्रीबाबांच्या बंदुकीनं तीन वेळा पाच-पाच बार झाडले. पाद्रीबाबांचा पंजा सुजला. सहावी गोळी तिन्ही वेळा होती तिथंच होती. तिनं मला चष्मा लावून वाचायला सांगितलं नाही.

"उद्या चर्चला येता येणार नाही आम्हाला," मी पाद्रीबाबांना म्हणालो.

"मी बोलतो वरच्याशी," ते म्हणाले. "तसंही तू आलास की झोपतोस."

पहाटे निघालो. ट्रक जिथवर जातो तिथून पुढं तीन मैल पायवाट. आर्डिथचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेलेला. मी म्हणालो, तू बस, मी जातो. "तू काय सांगणार तिला? केस वाढलेत म्हणून?" असं म्हणून ती चालू लागली. वाटेत थांबली ती तीनदा, आणि तिन्ही वेळा बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं.

खोपटं दिसलं तेव्हा दार उघडं होतं. दाराच्या चौकटीवर माझ्या डोक्याच्या उंचीला चार खोल ओरखडे, लाकूड अजून पिवळंधमक. बाहेर एक तवा पडला होता, ठोकून ठोकून वाकडा झालेला. घोडा नाही, कुत्रा नाही. आर्डिथनं हाक मारली. बसच्या शेवटच्या बाकावरच्या पोरानं मुकाट बसावं असा तिचा आवाज, तो समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. उत्तर नाही.

आत खिळ्यावर माझी रिव्हॉल्व्हर टांगलेली होती.

आर्डिथनं ती हातात घेतली. चक्री फिरेना. दोन बार उडालेले, आणि पुढं, खालच्या बाजूला, शिशाचं नाक बाहेर आलेलं. ती खाटेवर बसली. माणूस घाबरलं की लाल होतं किंवा पांढरं होतं, हिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला. तिनं तो काढला नाही.

मग ती उठली. रिव्हॉल्व्हर बाहेर नेली, नळी मातीच्या उंचवट्याकडे धरली आणि लाकडी खुंटीनं, अगदी सावकाश, ती गोळी मागं रेटत बसली. अर्धा तास लागला. चक्री सुटली. सगळी काडतुसं काढून तिनं एका मोज्यात बांधली. तेवढं करून झाल्यावर ती दारात उभी राहून कुरणाकडे बघत राहिली. मी एकदा काहीतरी बोललो. ती म्हणाली, "नको, मर्विन."

दुपारच्या सुमाराला कुत्रा भुंकला. पाठोपाठ थिआ, घोड्यावर, कमरेला फवाऱ्याची बाटली आणि खोगिराला बांधलेलं फावडं.

"आत्या? मर्विनकाका? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. तू खाली उतर."

ती उतरली. आर्डिथनं तिला जवळ घेतलं नाही. आधी दोन्ही दंड धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं, बसमधून उतरणाऱ्या पोराची टोपी, दप्तर बघावं तसं. मग म्हणाली, "बंदूक कधी अडकली?"

थिआनं मान खाली घातली. "पाचव्या दिवशी. अस्वल दारात आलं होतं. हवेत दोन झाडले, तिसरा उडेना. मग तवा बडवला. तवा बडवल्यावर गेलं. नंतर परत एकदा आलं, तेव्हाही तवाच."

"मग नऊ दिवस तू नुसत्या तव्यावर? खाली का नाही आलीस?"

"गुरं कुणावर सोडू? आणि येऊन काय सांगू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ओढा ओलांडताना बंदूक एकदा पाण्यात पडली होती माझ्या हातून. मला वाटलं, मीच बिघडवली. काकांची बंदूक. तुझी काडतुसं अडकतील असं मनातसुद्धा आलं नाही गं माझ्या. तुझी कधी अडकत नाहीत."

आर्डिथला मी पस्तीस वर्षं ओळखतो. पोरगी नऊ रात्री अस्वलाच्या वाटेवर तव्याच्या भरवशावर झोपली आणि दोष स्वतःला देत राहिली, का, तर आत्या चुकत नाही असं सगळ्या गावानं तिला शिकवलं होतं. आत्यानंही शिकवलं होतं. ते सगळं आर्डिथच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरताना मी पाहिलं. मला बघवेना, आणि मी घोड्याचा पट्टा सोडायला लागलो.

"थिआ," ती म्हणाली. "बंदूक तू नाही बिघडवलीस. काडतुसं वाईट होती. मी जड बंदुकीवर पारखली आणि तू कुठली नेतेस ते विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं. मी चुकले."

दोनदा म्हणाली. थिआ तिच्या गळ्यात पडली आणि दोघी रडल्या, आणि मीही रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही.

नंतर आर्डिथनं पिशवीतून दोन पेट्या काढून पायरीवर ठेवल्या. "ही दुकानातली. ही माझी, नवी. आतली पकड घट्ट केलीय. हलक्या बंदुकीवर पाद्रीबाबांचा हात सुजेपर्यंत पारखली. कुठली घ्यायची ते तू ठरव. दुकानातली घेतलीस तर मी रागावणार नाही."

"रागावशील," मी म्हणालो.

"तू गप्प बस."

थिआनं डोळे पुसले. दोन्ही पेट्यांकडे पाहिलं. आत्याच्या पेटीकडे हात नेला, पण उघडली नाही. हात तसाच आत्यापुढं केला.

"व्हर्नियर आणलायस?"

मी दचकलो. आर्डिथकडे तिच्या काडतुसाचं माप कुणी कधी मागितलं नव्हतं. क्लबच्या अध्यक्षाची छाती झाली नव्हती. आर्डिथनं खिशातून व्हर्नियर काढून तिच्या हातात दिला आणि दोन पावलं मागं जाऊन ओंडक्यावर बसली. गुडघा सरळ केला.

थिआनं सहा काडतुसं मोजून चक्रीत घातली. शेवटच्याचं माप खडूनं दारावर लिहिलं, त्या ओरखड्यांच्या खाली. मग उंचवट्याकडे तोंड करून पाच बार झाडले. कुत्रा खाटेखाली गेला. पाचही उडाले, चक्री लोण्यासारखी फिरली. तिनं सहावं काढलं, व्हर्नियरच्या दातांत धरलं, दाराशी जाऊन आकडा ताडला. पुन्हा उजेडात आणून पाहिलं.

"हलली नाही, आत्या," ती म्हणाली. "केसभरसुद्धा नाही."

आर्डिथ ओंडक्यावरून उठली नाही.

"परत मोज," ती म्हणाली.